उशाशी वाजणारी घंटा

खुब्याचं हाड मोडलं आणि मी नाशकात लेकाच्या घरी खाटेला खिळले. तो वरच्या मजल्यावर दार लावून ऑफिसचं काम करतो. मिटिंग असली की फोनही बंद. ऑपरेशननंतर माझा आवाज तरी कुठे जिन्यापर्यंत पोचतोय! म्हणून त्याने माझ्या उशाशी जुना लॅपटॉप ठेवला आणि त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम टाकला. बटण दाबलं की इथेही घंटा वाजणार आणि वर त्याच्या टेबलावरही. माझ्यासमोर दाबून दाखवलं. उशाशी ठणठण झाली. "झालं काम," म्हणत स्वारी वर पळाली. मला मेलं केवढं कौतुक!

पहिल्याच दुपारी लघवीची घाई झाली. बटण दाबलं, घंटा वाजली, तो आला नाही. पुन्हा दाबलं. वरून त्याचं खो खो हसणं ऐकू येत होतं. शेवटी अंथरूण ओलं झालं. संध्याकाळी कामाच्या मावशींनी चादर बदलली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जेवायला खाली आला, तर मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी बटणाला हातच लावला नाही. नामपूरला भावाला फोन केला, "मला इथून घेऊन जा. इथे मी मेले तरी कुणाला कळायचं नाही."

भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा लेक जिन्यातच थबकला. "आई, तू एकदाही बोलावलं नाहीस. मला वाटलं, इथे आणलं म्हणून रागावलीस."

"बोलावलं नाही? अरे, बहिरा झालास का? घे, ऐक!" मी बटण दाबलं. उशाशी ठणठण. वर काहीच नाही.

तो लॅपटॉप घेऊन मटकन खाटेवर बसला. प्रोग्रॅममधूनच त्याने नेटवर्क इंटरफेसची यादी मागवली. तीन नावं आली. "ही मशीनची दारं, आई. एक वायरचं, एक वायफायचं. पण यादीतलं पहिलं दार बाहेर जातच नाही, त्यातून मशीन स्वतःशीच बोलतं. मी डोळे झाकून पहिलंच घेतलं. शिवाय तपासलं तेही याच एका लॅपटॉपवर, इथे वाजलं, म्हणून कळलंच नाही."

"म्हणजे माजघरातून निघून माजघरातच!" मी म्हटलं. भावाला हसू आलं, मला रडू. भाऊ एकटाच परत गेला.

आता प्रोग्रॅम ते पहिलं दार सोडून वायफायचं निवडतो. उशाजवळची ठणठण लेकाने बंद केली, आणि आपलं दारही तो उघडं ठेवतो. त्यामुळे वरची घंटा मला खाली ऐकू येते. सुरुवातीला तो धावत यायचा.

परवा दुपारी मी बटण दाबलं. वर घंटा वाजली आणि मध्येच कुणीतरी ती बंद केली. वर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. मी जिन्याकडे बघत पडून राहिले.

संध्याकाळी मावशींनी चादर ओढता ओढता विचारलं, "आजी, घंटा नाही का दाबली?"

"दाबली हो," मी म्हटलं, "परत बिघडलीय मेली."