पक्षी आले की हातोडी बंद

हा माझा सख्खा धाकटा भाऊ. थडग्याच्या दगडावर नाव कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आणि त्याला छिन्नी धरायला शिकवलं कुणी? मी! शाळा सातवीपर्यंतच केली, पण आमच्या हातचं अक्षर अख्ख्या दफनभूमीत लांबून ओळखू येतं.

पण पानगळ लागली की हा माणूस कामातून जातो. कुठून तरी उत्तरेकडून मूठभर आकाराचे पिवळसर पक्षी येतात, दफनभूमीच्या कुंपणातल्या झुडपात चार-आठ दिवस टेकतात आणि पुढे जातात. तेवढे दिवस साहेब हातोडी उचलत नाहीत. कट्ट्यावर मांडी घालून नुसतं बघत बसायचं. काय बघतो, देव जाणे.

यंदा तिसऱ्या रांगेत काम होतं. शाळेतल्या बाईंच्या वडलांचं नाव मीच कोरलेलं, दहा वर्षं झाली. त्याखाली आता त्यांच्या आईचं कोरायचं. दगड जमिनीत रोवलेला, म्हणजे काम जागेवरच. आईला जाऊन वर्ष होणार म्हणून बाई नातेवाइकांना सोमवारी सकाळी नऊला बोलावून बसलेल्या. रविवारी दुपारी बघतो तर वडलांच्या नावाखाली दगड कोरा!

"अरे, नाव कुठाय?"

"हळू बोल, दादा. झुडपात आहेत."

"उद्या माणसं येणार! मी शब्द दिलाय!"

"एक ठोका पडला की सगळे उडतात. एवढ्या लांबून आलेत, पोटात काही नाही त्यांच्या."

"आणि आपल्या पोटाचं काय?"

"वहिनीनं डबा दिलाय ना? ठेव इथं."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाईच फाटकातून आत आल्या. दगड बघितला.

"अहो, आई वर्षभर बिननावाची राहिली. उद्याही तशीच ठेवणार का?"

तीस वर्षांत कुणी माझ्या कामावर बोट ठेवलं नव्हतं. म्हटलं, "बाई, उद्या नऊला नाव नसेल तर मी हा धंदा सोडला!"

त्या गेल्या. मी हातोडी उचलली, तर यानं मनगट धरलं.

"दगडच काढू. दुकानात नेऊन कोरतो."

"मी बसवलाय तो! भूकंपात हलायचा नाही!"

"मग तूच काढ. दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

मी हातोडी ठेवली आणि पहार शोधायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, अंधारात, आवाज न करता आम्ही दगड उकरला. चाकं वाजू नयेत म्हणून हातगाडीच्या चाकांना पोती गुंडाळली. माझी कंबर तिथंच गेली. यानं दोन तासांत नाव कोरलं, आणि कोरलं ते असं की वडलांच्या नावाला लाज वाटावी. साडेआठला दगड परत जागेवर. नऊला बाई आल्या, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले.

आमचे बंधुराज झुडपाकडे बघत उभे. झुडपात पानसुद्धा हलत नव्हतं.

"दादा, रात्री वारा फिरला होता. आपण यायच्या आधीच गेले वाटतं."

पहार माझ्या हातातच होती. नातेवाईक जमले होते म्हणून वाचला.