येऊरची कळलावी आत्याला दिसावी म्हणून

माझी मालूआत्या डोंबिवलीत राहते. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. हल्ली तिला समोरचं मधोमध धुरकट दिसतं. कडा आणि ठळक उजेड-सावली तेवढी कळते. मी पाठवलेले फुलांचे फोटो ती उघडेनाशीच झाली. "नुसता हिरवा लगदा दिसतो गं. नको पाठवूस." हे मनाला लागलं. तिला दिसेल असा एक तरी फोटो काढायचा आणि स्वतः नेऊन दाखवायचा, असं ठरवलं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी नौपाड्यातून निघाले. ठाणे स्टेशनजवळ येऊरची बस मिळते, तिकीट वडापावपेक्षा स्वस्त. जंगलाच्या फाटकाच्या अलीकडेच, कुंपणावर कळलावी चढलेली. लाल-पिवळ्या, नागमोडी पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. वेल विषारी, त्यामुळे हात न लावता मी ओल्या गवतात पालथी झोपले. फिरायला आलेले एक काका थबकले.

"पडलात का हो?"

"नाही काका, फोटो काढतेय."

"मग घाईने उठू नका. मागे कुत्रं उभंय."

कुत्रं गेलं, फोटो मिळाला, पण सपाट. फूल आणि पानं सारखीच उजळलेली. टपरीवर चहा-कांदाभजी घेत मी मोबाइलवर सगळंच वाढवलं: उजेड, कडांची धार, रंग. फोटो झगमगला. खुशीत डोंबिवली गाठली.

आत्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "प्लास्टिकचं आहे का? पानांना चिकटवल्यासारखं दिसतंय. आणि कळलावीचा लाल असा नसतो."

चेहरा पडला माझा, पण हरायला गेले नव्हते. तिच्याच सोफ्यावर बसून मूळ फोटोपासून पुन्हा सुरुवात केली. आधी मागची पानं काळोखात ढकलली, किंचित निळसर केली. पाकळ्यांवरचा भगभगीत उजेड उतरवला, तशा त्यांच्या चुण्या वर आल्या. ऊन ज्या बाजूने येत होतं, तिथेच बोटाने थोडा प्रकाश वाढवला. धार फक्त पुढच्या केसरांना. मागची पाकळी धूसरच ठेवली. रंगाला हात लावला नाही.

आत्याने मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग तिचं बोट हवेत फिरू लागलं.

"सहा पुंकेसर… आणि ही स्त्रीकेसराची दांडी! बघ, कशी काटकोनात वळलीय. का वळते, सांग?"

मग तिनेच समजावलं: आपल्याच पुंकेसरांपासून दूर राहून फुलपाखरांच्या पंखांवरून दुसऱ्या फुलाचे परागकण मिळावेत, म्हणून. तिच्या वाटीतला उपमा गार झाला, पण मोबाइल काही परत मिळेना.

संध्याकाळी नौपाड्यात परतले तेव्हा कोपरं खरचटलेली आणि मन भरलेलं. फोटोत मी नवं काहीच घातलं नव्हतं. गर्दी मागे सारून फुलाला पुढे येऊ दिलं, एवढंच. असा फोटो काढायला जाणार असाल, तर तिरक्या, कोवळ्या उन्हाची सकाळ निवडा, निम्मं काम तिथेच होतं.

जेवायला बसतेय तोच आत्याचा फोन.

"शेजारच्या दोघी अकरावीत आहेत ना, त्यांना उद्यापासून यायला सांगितलंय. शिकवणार आहे मी."