पिवळी चांदी

बेलापूरजवळच्या एका कॉलेजात मी पीएच.डी.साठी काचेवर चांदी चढवत असे. हवा काढून घेतलेल्या डब्यात चांदीची चकती ठेवायची आणि तिच्यावर लेसरचे झटके मारायचे. उडालेले कण समोरच्या काचपट्टीवर बसत. ते इतके बारीक, की चांदी चांदीसारखी दिसतच नसे. काच पिवळी दिसे. हवा तसा पिवळा रंग मिळायला मला आठ महिने लागले. लेसर दुसऱ्या संस्थेकडून मागून आणलेला, दसरा झाला की परत जायचा होता. तीन पट्ट्या मनासारख्या जमल्या होत्या, त्यांची मोजमापं व्हायची होती. माझा सगळा प्रबंध त्या तिन्हींवर उभा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होई. तयारी प्रयोगशाळेतले मामा करत. साताऱ्याकडचे, शिपाई म्हणून लागलेले. पण पंपाचं तेल कमी झालंय हे नुसत्या आवाजावरून माझ्याआधी त्यांना कळे. त्या सकाळी मी गेले तर पंपाला झेंडूचा हार, लेसरला हळदकुंकू, आणि ताटात माझ्या तीन पट्ट्या. कोऱ्या करकरीत, आरपार दिसणाऱ्या.

"चांदी पार पिवळी पडली व्हती, ताई," मामा कौतुकानं म्हणाले. "रांगोळीनं घासली. बघा कशी लख्ख झाली."

"अक्कल आहे का तुम्हाला?" मी ओरडले. वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बोलले, याची आजही लाज वाटते. मामांना काही उमजेना. त्यांनी एक पट्टी उजेडाकडे धरली आणि तिच्यात चांदी शोधत राहिले.

जरा वेळानं मी स्टुलावर बसून त्यांना सांगितलं. इतके बारीक कण निळा उजेड गिळतात, म्हणून काच पिवळी दिसते. तो मळ नव्हे, तेच तर काम.

"मंग थर जाड बसला तर पांढरी दिसंल?" त्यांनी विचारलं. अगदी नेमकं. मी मान डोलावली.

"दोन वर्सं झाली," ते हळूच म्हणाले. "तुमी नुसतं म्हनायच्या, मामा, चांदी सांभाळा. म्या सांभाळली."

माझे मार्गदर्शक सर आल्यावर मी चूक माझी म्हणून सांगितलं. मामांना वाचवायला खोटं बोलतेय, असं मला तेव्हा वाटत होतं. प्रबंध पुढं दीड वर्ष लांबला. मी खरं तेच बोलले होते, हे कळायला त्याहून जास्त वेळ लागला.