पाच नंबरचा नट

चौथ्या सिलेंडरची वायर काढली तरी ठोका तसाच. पाचव्याची काढली आणि आवाज निम्म्यावर आला.

"पाच नंबर," कावादा-सान म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

स्पार्क प्लगची वायर काढली की त्या पिस्टनवरचा जोर जातो. आवाज लगेच कमी झाला, तर रोग तिथलाच. गाडी जुनी अमेरिकन, आठ सिलेंडरची. मालक निवृत्त बसड्रायव्हर. तरुणपणी रस्त्यावर पाहिलेली गाडी त्यांनी साठीत घेतली. तीन महिने खपून आम्ही तिचं इंजिन नवं केलं होतं. आणि पहिल्याच टेस्टला, वीस मिनिटांत, टक् टक् टक्.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले टोकियोच्या एदोगावात धडाधड उतरत होते. माझा नवरा त्यांतलाच. मी मेकॅनिकल डिप्लोमा, चिंचवडच्या इंजिन शॉपमध्ये तयार झालेली. कावादा-सानच्या गॅरेजमध्ये बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी करत होते. तिथल्याच फुनाबोरी वस्तीतल्या मैत्रिणी विचारायच्या, "अगं, जपानला येऊन ग्रीस?"

इंजिन उतरवलं, स्टँडवर उलटं केलं, ऑइल पॅन काढलं. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडतो तो कनेक्टिंग रॉड. त्याचे नट ठरलेल्या ताकदीनेच आवळायचे असतात. टॉर्क रेंच 'कट्' वाजला की ताकद पुरी झाली. मग नटावरून रॉडपर्यंत एक पांढरी रेघ ओढायची. कावादा-साननी टॉर्च मारला. सगळ्या रेघा सरळ होत्या.

"नट घट्ट आहेत. म्हणजे ग्राइंडिंग चुकलंय. मियाता-सान आता थकले. फोन करतो. यापुढे क्रँक दुसरीकडे देऊ."

मियाता-सान दोन गल्ल्या पलीकडे एकटेच क्रँकशाफ्ट घासून मापात आणत. त्यांचं बरंचसं काम आमच्याकडूनच जायचं.

कावादा-सान नंबर शोधायला ऑफिसात गेले. मी सहज पाच नंबरच्या रॉडच्या एका नटावर टॉर्क रेंच लावला. नट फिरला. जवळजवळ पाव फेरा गेल्यावर 'कट्' वाजलं. रेघेचे दोन तुकडे झाले.

गॅरेजचा नियम होता: एक नट, एक कट्, एक रेघ. चिंचवडला आम्ही सगळे नट आवळायचो आणि मग सगळ्या खुणा एका दमात करायचो. इथेही मी तेच केलं होतं. सोळा नटांतला एक अर्धवट राहिला, आणि रेघ मात्र त्यालाही मिळाली.

थिनरने पुसून नवी रेघ ओढणं मिनिटाचं काम होतं. माझे बाबा कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटत. मालकाची चूक कामगाराच्या माथी मारू देणार नाही, हे त्यांत दर वेळी असे. इथे कामगारच आपली चूक दुसऱ्या कामगाराच्या माथी मारायला निघाली होती.

ऑफिसात गेले तेव्हा पलीकडे रिंग वाजत होती.

"कावादा-सान, फोन ठेवा. चूक माझी आहे."

ते बाहेर आले. वाकून तुटलेली रेघ पाहिली.

"रेघा कधी ओढल्यात, मेघा-सान?"

"सगळे नट आवळून झाल्यावर. एकदम."

"का?"

"वेळ वाचतो."

"किती वाचला?"

मी क्रँक सोडवायला पाना उचलला.

"क्रँक मियाता-सानकडे तुम्हीच घेऊन जा," ते म्हणाले. "आणि मी काय बोललो, तेही त्यांना सांगा."

मियाता-साननी सगळं ऐकून घेतलं. "कावादा माझं वय काढतो? माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे तो!" मग मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. "मोजा. मी म्हणतो म्हणून मानू नका." मी तीनदा मोजलं. ग्राइंडिंग अचूक होतं. सैल नटामुळे क्रँकवर पडलेले ओरखडे वरवरचे होते, पॉलिशवर भागलं.

नवी बेअरिंगं बसवली. या वेळी कावादा-सान हात मागे बांधून शेजारी उभे राहिले आणि प्रत्येक कट् मोठ्याने मोजत गेले. अपमान होता; मी तो कमावलेला होता.

इंजिन तापलं तरी ऑइल प्रेशर घसरलं नाही, आणि ठोकाही गेला होता. मालक बायकोला शेजारी बसवून "दहा मिनिटांत येतो" म्हणाले आणि दोन तासांनी आले. पुढच्याच आठवड्यात मी मियाता-सानकडे दुसरा क्रँक पोचवला.

नव्या जागी एखादा नियम मंद वाटला, तर मोडण्याआधी तो का आहे ते विचारावं. मी वाचवलेल्या पाच मिनिटांनी आमचे नऊ दिवस खाल्ले.