चार पायांच्या गाडीखाली चार लिंबं

कुंभारवाड्याच्या लखूला शोधक म्हणावं की म्हणू नये, यावर गावात अजिबात मतभेद नव्हते. म्हणू नये, असंच सगळ्यांचं मत होतं. लखूचं मत वेगळं होतं, पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पोटासाठी लखू कुळगीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात खोल्या साफ करायचा. चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची आणि पाहुण्यांनी वाघाची चौकशी केली की 'परवाच त्या वळणावर बसला होता' असं गंभीर तोंडानं सांगायचं, हे त्याचं काम. पाहुणे त्याला भैया म्हणत, मॅनेजर हाउसकीपिंग म्हणे, आणि मालक नागराजअण्णा नुसतंच 'ए' म्हणून भागवत. इतकी वर्षं तिथं राबून चारचौघांत लखू हे नाव कुणी एकदाही घेतलं नव्हतं. याचं त्याला वाईट वाटायचं. बोलून दाखवत नसे, पण फार वाईट वाटायचं.

शहरातली माणसं मुलांना जंगल दाखवायला एवढ्या लांब आणतात आणि मुलं खोलीचे पडदे ओढून प्लॅस्टिकच्या विटा जोडत बसतात. निघताना त्यातल्या निम्म्या पलंगाखाली राहतात. लखू सुरुवातीला त्या इमानानं काउंटरवर नेऊन देई. तिथली टोपली भरून वाहायला लागली, तेव्हा मॅनेजरनं कचरा म्हणून त्याच्याच गळ्यात घातली. लखूनं ती घरी नेली.

अशाच एका मुलाच्या मोबाइलवर त्यानं ती गाडी पाहिली. कुठल्याशा परग्रहावर चिखलातून एक अवाढव्य यंत्र चाललं होतं. चाकं नव्हतीच, चार पाय होते. हे सगळं हजार वर्षांनंतरचं आहे, असं त्या मुलानं समजावून सांगितलं. लखूला ते पटलं नाही. पावसाळ्यात ओढा कुठं संपतो आणि रस्ता कुठं सुरू होतो हे ज्या गावात एसटीच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही, त्या गावाला अशी गाडी कालच मिळायला हवी होती. बाकीच्या जगासाठी ती विज्ञानकथा असेल, कुंभारवाड्याची ती रास्त मागणी होती.

मग पडवीत विटा पसरल्या. पाय करणं सोपं होतं, त्या पायांनी चालणं अवघड. एक पाय उचलला की गाडी त्याच बाजूला आडवी व्हायची. लखू मग म्हशीच्या मागं मागं हिंडू लागला. चिखलाच्या खाचरात म्हैस पाय उचलण्याआधी अंग जरा दुसरीकडे टाकते, हे त्यानं पाहिलं आणि गाडीच्या पोटात बॅटऱ्यांचं ओझं सरकेल अशी जागा केली. एका पाहुण्याच्या मुलाच्या फुटक्या खेळण्यातली मोटर काढून बसवली. गुडघे आधी पुढं वाकणारे केले, मग मागं वाकणारे. म्हैसही कंटाळली असेल, पण ती सांगणार कुणाला.

शेवटी एका सकाळी गाडी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डुलत डुलत गेली. केशर, म्हणजे लखूची बायको, चुलीवरचा भात सोडून पाहायला आली. तिनं तांब्याभर पाणी आणलं, आणि नवं जनावर घरात आल्यावर करतात तसं गाडीच्या पायांवर घालायला निघाली. लखूनं मोटर वाचवायला गाडी उचलून पोटाशी धरली.

"जनावर न्हाई ही, गाडी हाय," तो म्हणाला.

"मग काय ते एकदा ठरवा. जनावर असलं तर पाय धुवायचे, गाडी असली तर लिंबं ठेवायची," केशर म्हणाली आणि भात करपल्याच्या वासानं आत गेली. गाडीचं कपाळ मात्र तिनं जाता जाता कुंकवानं रंगवलंच.

लखूनं गाडी नागराजअण्णांना दाखवली. अण्णा रिसॉर्टात नवा हॉल बांधत होते आणि हॉलच्या दारात पाहुण्यांनी फोटो काढावेत असं काहीतरी त्यांना हवं होतं. गव्याचा पुतळा सगळ्यांकडेच असतो. त्यांनी गाडी टेबलावर चालवून पाहिली आणि हीच कमरेइतकी उंच करून दे म्हणाले. विटांची खोकी आणि मोटरी ते मागवणार होते. उद्घाटनाला गाडी दारापासून काउंटरपर्यंत आपली आपण चालत गेली, तर शेजारी पितळी पाटी लागणार होती आणि पाटीवर लखूचं नाव असणार होतं. हे अण्णा स्वतःच्या तोंडानं बोलले.

त्या दिवसापासून लखूचा पाय जमिनीवर ठरेना. आडनावासकट नाव लिहिणार का नुसतंच, हा प्रश्न त्यानं मॅनेजरला इतक्यांदा विचारला की मॅनेजर त्याला पाहून वाट बदलू लागला. गावातही त्यानं कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. काम मात्र झपाटून केलं. गाडी मोठी झाली, तसा तोल पुन्हा बिघडला. त्यानं मान आखूड केली, तळवे रुंद केले, आतून पोकळ ठेवून वजन कमी केलं. एवढं उंच धूड, पण केशरच्या भरल्या घागरीपेक्षा हलकं. या हलकेपणाचा त्याला भारी अभिमान होता.

उद्घाटनाला पाहुणे जमले, झेंडूच्या माळा लागल्या, भटजी आले. भटजींनी हॉलची पूजा केली आणि गाडीपुढं नारळ फोडून मोकळे झाले. चाकं नाहीत, तेव्हा लिंबांची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

इथं लखू अडून बसला. घरी बायकोनं जनावर म्हटलं ते त्याच्या मनात सलत होतंच, आता भटजीही तेच म्हणतायत असं त्याला वाटलं. गाडी आहे तर तिला गाडीचा मान मिळालाच पाहिजे. लिंबं त्यानं घरच्या झाडाची आणलीच होती. जोयड्याच्या बाजारात नव्या जीपखाली ठेवतात तशी त्यानं ती एकेका पायापुढं एकेक मांडली. जीपचं चाक लिंबू चिरडून जातं, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. चिरडायला जीपचं वजन लागतं, हे मात्र तोलाचा एवढा अभ्यास केलेल्या लखूच्या त्या वेळी डोक्यात आलं नाही.

बटण दाबलं. गाडीनं पुढचा पाय उचलला, म्हशीसारखं अंग दुसरीकडे टाकलं आणि पाय बरोबर लिंबावर ठेवला. लिंबाला काहीच झालं नाही. ते गुळगुळीत फरशीवर सरकलं, त्याच्याबरोबर पाय सरकला, पायाबरोबर गाडी. लखूची एवढ्या दिवसांची अक्कल हॉलभर विखुरली. चारही लिंबं शाबूत होती.

नागराजअण्णांनी माइक हातात घेतला आणि हसत हसत सांगितलं, "ही गाडी आमच्या लखूनं केलीय बरं का. कुंभारवाड्याचा लखू."

माइकवरून नाव आख्ख्या हॉलभर गेलं. पाहुण्यांनी वळून पाहिलं, काहींनी दयेनं टाळ्याही वाजवल्या. आणि लाज वाटायला हवी त्या क्षणी लखूला आत कुठंतरी बरं वाटलं. त्यानं हात जोडले.

मग तो विटा गोळा करायला वाकला. पडताना गाडीनं पाटीवरची झेंडूची माळ ओढली होती, त्यामुळे पाटी आता उघडी पडली होती. अक्षरं कानडी होती, पण लखू कानडी शाळेत शिकलेला, त्यामुळे वाचायला अडचण आली नाही. संकल्पना आणि रचना, आणि त्याखाली नागराजअण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पाटी उद्घाटनाच्या बरीच आधी करून आणलेली दिसत होती. लखूनं ती दोनदा वाचली. मग तो सोफ्याखालच्या विटा काढू लागला.

अण्णांनी हुकूम केला तशी त्यानं गाडी पुन्हा जोडली. ती आजही दारात उभी आहे, दिसते झोकात, पण चालत नाही. पाहुणे पाटी वाचतात, अण्णांचं कौतुक करतात आणि ही चालत का नाही म्हणून विचारतात. अण्णा लगेच हात झटकतात आणि सांगतात की ते लखूला विचारा, ते सगळं लखूचं काम. रोज कुणी ना कुणी विचारतंच. आता तर मॅनेजरही लखू कुठं आहे म्हणून हाक मारत फिरतो.

परवा जेवताना केशरनं विषय काढला. "दुरुस्त व्हईत न्हाई काय ती?"

"व्हतीय की. गुडघ्यातली एक वीट बदलली की चालंल."

"मग बदला की."

लखूनं भात कालवला. "आन् ती चालाय लागली, तर माझं नाव कोण घेईल?"