पाच पाहुणे येऊन गेले होते

मुकाताय म्हाताऱ्याला वसंताचा अगदी वीट आला होता. हिवाळाभर त्याच्या दाराशी कुत्रं फिरकत नसे, पण बर्फ वितळून चिखल झाला रे झाला की अख्ख्या शेंगेल्दी वस्तीला त्याची आठवण यायची. सगळे त्याला अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हणत. अक्साकाल, लोकर कधी कातरायची? अक्साकाल, उंटीण वाऱ्याकडे तोंड करून बसलीय, काय समजायचं? अक्साकाल, काल चंद्रकोर उताणी दिसली, वाईटच ना?

"चंद्र उताणा पडलाय म्हणजे तो आराम करतोय," म्हातारा म्हणायचा. "तू कशाला आराम करतोस? जा, गोठा साफ कर."

लोक हसायचे. त्याच्यावरही हसायचे, पाठीमागे. हवामानखात्याचा माणूस चुकला तरी पगार घेतो, मुकाताय चुकला तर घरी बायको जेवायला वाढत नाही, असं म्हणायचे. हे खोटं नव्हतं. त्याची बायको कुल्पाश जिभेला हाड नसलेली बाई होती. "चांदण्यांचा हिशेब कळतो यांना," ती म्हणे, "आणि चहात मीठ पडलंय की नाही ते रोज मला विचारतात!"

पण थट्टा करणारेही शेवटी त्याच्याच शब्दावर चालत. कोवळी चंद्रकोर कृत्तिकांना कोणत्या दिवशी गाठते ते बघून महिने मोजायचे आणि दिवसागणिक उंटाच्या केसांच्या दोरीला गाठ मारायची, हे त्याला बापाने शिकवलं होतं. पन्नास वर्षं तो दिवस मावळला की माळाच्या टोकाला जाऊन उभा राहत होता. आता चौऱ्याहत्तरी आली होती. वाऱ्याने डोळ्यांना धार लागायची, गुडघे बोलायचे. एवढं करून वर बोलणी. पुरे झालं, असं तो दर वर्षी म्हणायचा.

एप्रिलमध्ये सगळ्यांना एकच विचारायचं असायचं. पाच पाहुणे येऊन गेले का? फार पूर्वी असंच छान ऊन पडलेलं असताना पाच वाटसरू एका घरी चहा प्यायले. घरधनी म्हणाला, राहा आजच्या दिवस, आभाळाचा भरवसा नाही. ते हसले, पातळ अंगरख्यांनिशी निघाले आणि बर्फ वितळल्यावर सापडले. तेव्हापासून एप्रिलमधल्या त्या चार-पाच दिवसांच्या उलट्या थंडीलाच पाच पाहुणे म्हणतात. ती उलटून जाईपर्यंत कोकरं घेऊन कुणी टेकडीपलीकडच्या उघड्या माळावर जात नाही, आणि घरी आलेल्याला कुणी जाऊ देत नाही. सासूसुद्धा त्या दिवसांत सुनेला माहेराहून परत बोलवत नाही.

त्या वर्षी त्याची लेक राउशान माहेरी आली, तेव्हा नेमका वारा सुटला होता. दोन दिवसांची रेल्वे, पुढे वस्तीतल्या दोसानच्या गाडीतून सहा तास. तीन वर्षांनी येत होती. उतरली, आईच्या गळ्यात पडली, चहाची वाटी हातात घेतली आणि ती अर्धी असतानाच भिंतीला टेकून झोपली. कुल्पाशने कणकेचे गोळे, बाउरसाक, तळले, मांस शिजवलं. पोरगी उठायची, दोन घास खायची आणि पुन्हा झोपायची. झोपेतही मध्येच दचकून म्हणायची, "आले आई, आले." हे उत्तर कुल्पाशला नव्हतं. सासू चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिला कुशीवर वळवायला राउशानशिवाय त्या घरात कुणी उठत नव्हतं.

मुकाताय लेकीच्या हातांकडे बघत बसायचा. अडतिसाव्या वर्षी त्याच्या आईचे हातसुद्धा असे झाले नव्हते.

बाहेर पाच दिवस उत्तरेचा वारा वाहिला, भुरभुर बर्फ पडलं आणि थांबलं. थंडी बेताचीच होती. तरी म्हाताऱ्याने दोरीला पाचवी गाठ मारली तेव्हा त्याच्या मनात शंका नव्हती. पाहुणे येऊन गेले होते. सकाळी वस्तीला तसं सांगायचं, एवढंच बाकी होतं.

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. कधी निघतेस? आईचे हाल होतायत. राउशान "उद्या" म्हणाली, आणि लगेच उठून बॅग भरायला लागली. एक कपडा घडी करायची, थांबायची, दुसरा घ्यायची.

मुकाताय दारात उभा होता. "उद्या जमायचं नाही," तो म्हणाला. "पाच पाहुणे यायचे आहेत अजून."

"आणि मग हे पाच दिवस काय होतं, कोके?" ती वडिलांना लहानपणापासून कोके म्हणायची.

"नुसता वारा होता तो."

राउशानने त्याच्याकडे बघितलं. मग हातातला कपडा तसाच खाली ठेवला आणि नवऱ्याला फोन लावला. त्या घरातही वडीलधारी माणसं होतीच, त्यांनीही मान डोलावली. पाहुण्यांचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? म्हातारा मागल्या दाराने बाहेर गेला, आणि त्याने दोरीच्या पाचही गाठी सोडल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे आठ दिवस आभाळ असं लख्ख होतं की म्हाताऱ्याला वर बघायची लाज वाटायची. राउशानच्या चेहऱ्यावर रंग आला. ती आईशी भांडायला लागली, हसायला लागली. वस्तीत मात्र चावटपणा सुरू झाला होता.

"अक्साकाल, तुमचे पाहुणे वाट चुकले वाटतं!"

"फोन करून विचारा की, कुठवर आलेत!"

दोसानने तर कहर केला. "पाहुणे पाच कुठले," तो म्हणाला, "एकच आहे, आणि ती तर घरात बसून बाउरसाक खातेय." सगळे हसले. मुकातायही हसला.

आठव्या दिवशी दुपारी कालियाश आली. नवऱ्यामागे एकटीने तीस-बत्तीस मेंढ्या सांभाळणारी बाई. चार वर्षांपूर्वी तिने मुकातायच्या शब्दाआधी कळप माळावर नेला होता आणि निम्मी कोकरं गारठून गेली होती. तेव्हापासून त्याने हो म्हटल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. ती आत आली नाही. दारातच उभी राहिली, ओढणीची टोकं बोटांत पिळत.

"अक्साकाल, अजून किती दिवस?"

"का गं?"

"गवत संपलंय. परवापासून छपराचे बोरू उपसून घालतेय. मेंढ्यांना दूध सुटत नाही. काल दोन कोकरं गेली, आज सकाळी एक." ती भराभरा बोलली, जणू तक्रार केल्याचा गुन्हा होत होता. "मी घाई करत नाही हां. तुम्ही म्हणाल तसंच. फक्त किती दिवस ते कळलं, तर तेवढे बोरू पुरवून घालीन."

टेकडीपलीकडचं गवत घोट्याएवढं आलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. बाकीच्यांकडे गवताच्या गंजी शिल्लक होत्या, ते थट्टा करत थांबू शकत होते. ही बाई घराचं छप्पर खाऊ घालत होती, आणि तेही त्याच्या शब्दाखातर.

मुकाताय भिंतीला धरून उठला. आत राउशान आईच्या केसांना तेल लावत बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"कालियाश," तो म्हणाला, "आत्ता ने कळप. पाच पाहुणे येऊन गेले. राउशान आली त्याच दिवसांत आले होते."

"म्हणजे... तुमचा हिशेब चुकला?"

तेवढं हो म्हणाला असता तरी निभावलं असतं. म्हातारा माणूस, डोळे अधू. चार दिवस हसले असते आणि विसरले असते. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "हिशेब बरोबर होता. मी खोटं बोललो. पोरगी दमली होती गं."

कालियाशने ओढणीची टोकं सोडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली. "मला सांगायचंत ना, अक्साकाल. मी माझा कळप गपचूप नेला असता, आणि चारचौघांत तुमच्याच बाजूने बोलले असते. राहू दे म्हटलं असतं पोरीला. मी काय कुणाची लेक नाही?" आणि डोळे पुसत ती गोठ्याकडे पळाली.

राउशान तेलाच्या हातांनी तशीच बाहेर आली.

"मला माहीत होतं, कोके," ती म्हणाली. "दोरी बघितली मी. गाठी सोडल्या तरी केसांचा पीळ तसाच राहतो. तुम्हीच शिकवलंत ना मोजायला." तिला हुंदका आवरेना. "माहीत असून गप्प राहिले. म्हटलं, अजून एक दिवस झोपू. रोज म्हटलं, अजून एकच."

कुल्पाश आत बसून ऐकत होती. एरवी तिने नवऱ्याला फाडून खाल्लं असतं. आज ती चूल पेटवायला उठली आणि एवढंच म्हणाली, "चहा ठेवते. पिऊन जा दोघं, कालियाशचा कळप हाकायला हात लागतील."

माहेरून निघताना लेकीला बापाच्या कळपातून एक जनावर मागायचा हक्क असतो. राउशानने भरल्या सडांची मेंढी मागितली, आणि स्वतः ओढत नेऊन कालियाशच्या कोकरांजवळ बांधली. कालियाश नको म्हणाली नाही, आणि बरं झालं असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोसानची गाडी आली. बॅग ठेवली, दार लागलं. म्हातारा गाडीच्या खिडकीपाशी उभा होता, दाराला धरून.

"पुन्हा कधी येशील, शिंगरा?"

"सासूबाई आहेत तोवर..." राउशानने वाक्य सोडून दिलं. मग तिने वर बघितलं, लहानपणी बघायची तसं, आधी आभाळाकडे आणि मग बापाकडे. "कोके, वाटेत काही येणार नाही ना आता?"

मुकातायने मान वर केली. कुठे एखादी ढगाची कडा, कुठे वाऱ्याची चाहूल, अगदी काही म्हणजे काही दिसेना. त्याने दारावरचा हात काढला.

"नाही," तो म्हणाला. "आभाळ मोकळं आहे. जा तू."