एका स्टॅटिकपायी म्हशीची गाय झाली

जावा शिकणाऱ्या मित्रांनो, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

निमोण्यातल्या एका दूध डेअरीला मी प्रोग्राम लिहून दिलाय. आज पहिल्यांदाच दूध घालणाऱ्या सगळ्यांच्या फॅटची यादी छापून भिंतीवर लावली. बघतो तर सगळ्यांची फॅट तीन पॉइंट दोन! शेवटचं दूध संकरित गाईचं होतं, तिचीच फॅट साऱ्या गावाला लागली.

"माझी म्हैस काय गाय झाली व्हय?" एक आबा डेअरीत फॅट मोजणाऱ्या मामांवर तुटून पडले. मामांच्या वहीत आबांची फॅट बरोबर सात लिहिलेली होती. तरी मामा वही मिटून म्हणाले, "माझंच चुकलं आसंल. कॉम्प्युटर कसा चुकंल?"

चूक माझी होती. मेन मेथडमधून फॅट हे व्हेरिएबल वापरता येईना, कंपायलर एरर देत होता, म्हणून मी सरळ त्याच्यापुढे स्टॅटिक हा शब्द लावून त्याला गप्प केलं होतं. स्टॅटिक म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टना, इथं दूध घालणाऱ्या सगळ्यांना, मिळून एकच कॅन; शेवटी ओताल तेच सगळ्यांचं. एरर आली तर आधी ऑब्जेक्ट तयार करा, बाबांनो. स्टॅटिक चिकटवू नका.

मी ते काढलं, मामांच्याच वहीतले आकडे पुन्हा भरले, नवी यादी लावली. आबा खूश. "कॉम्प्युटरवाल्यानं मामाची चूक सुधारली," म्हणत त्यांनी मला चहा पाजला. मी गुमान प्यायलो.

निघताना मामा म्हणाले, "उद्यापासनं वही बंद करतो. उगं घोळ नको."

उद्या सकाळी सहाला डेअरी उघडते, आणि मामांना अजून खरं माहीत नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर तो चहा घशाखाली उतरला असता का?